मऊ भाकर

बुलढाण्याला प्रार्थनेच्या सतरंजीवर माझ्या शेजारी बसणारी ती बाई उपासना संपली की घाईनं घरी जायची. ज्वारीचं पीठ कढत पाण्यात मळून भाकर करायची, ती ओल्या फडक्यात गुंडाळायची आणि पायी देऊळघाटला माहेरी निघायची. बाप्तिस्मा घेतल्यापासून ते दार तिला बंद होतं. ती भाकर ओट्यावर ठेवून मागं सरायची. म्हातारी माय बाहेर येऊन भाकर काठीनं ढकलायची, गोठ्यातल्या गाईपुढं.

एकदा मी चिडलेच. "गाईलाच जाते, तर एवढी मऊ कशाला करतेस?"

"मायले दात नाहीत वो बाई. एखाद्या दिवशी खायाचं मन झालं तं?"

नागपूरहून आलेले पाद्रीसाहेब नीतिमानाच्या आणि दुष्टाच्या वाटेबद्दल बोलले, तेव्हा मला तिची मायच आठवली. तसं मी म्हटलंही. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"माय दुष्ट काऊन असंल? तिचा धरम ते पाळते, माहा मी पाळतो. भाकर नेनं सोडलं, तं दुष्ट मी होईन."

माय वारली त्या दिवशी मी तिच्यासोबत देऊळघाटला गेले होते. भावांनी तिला अंगणातही येऊ दिलं नाही. फडकं छातीशी धरून ती गोठ्याच्या कुंपणापाशी थांबली. तिला पाहून गाय हंबरली, दावं ताणून जवळ आली.

तिनं कुंपणातून हात घालून गाईला भाकर भरवली. दात नसलेल्या माणसाला भरवावी तशी, बारीक बारीक तुकडे करून.