पितांबराचा पिवळा

रोह्यातल्या रंगाच्या दुकानात दुकानदाराने शेडकार्ड पुढ्यात सरकवलं. फ्लॅटच्या दारासाठी रंग निवडायचा होता. टर्पेंटाइनचा वास नाकात शिरला आणि पिवळ्यावर गेलेलं माझं बोट तिथून हलेना.

पेणच्या आमच्या भाड्याच्या घराचं दार याच पिवळ्या रंगाचं होतं. बाबा गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे पितांबर रंगवायचे. मला बघायला रोह्याहून पाहुणे येणार असं ठरलं, तेव्हा त्यांनी विचारलं, "दाराला कुठला रंग देऊ गो?"

मी पुस्तकातून मान वर न करता म्हटलं, "द्या कुठलाही."

त्यांनी ऑइलपेंटात ऑइलपेंट मिसळत हुबेहूब पितांबराचा पिवळा जमवला. वर मूर्तीच्या बारीक ब्रशने चौकटीला सोनेरी काठ काढला. दोन रविवार त्यात गेले.

पाहुण्यांबरोबर आलेली मुलाची आत्या उंबऱ्यातच हसली. "अगो बाय, हे घर हाय का देऊळ?"

माझे कान तापले. मी घाईघाईने म्हणाले, "आमच्या आधीच्या भाडेकरूंनी दिलाय तो रंग."

बाबा पाण्याचा ट्रे घेऊन मागेच उभे होते. त्यांच्या नखांत तो पिवळा अजून होता. माझ्याकडे न बघता ते आत्याबाईंना म्हणाले, "व्हय, आम्ही आलो तेव्हापासून तसाच हाय."

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आले तर दार चॉकलेटी झालं होतं, काठासकट. या वेळी कुठला रंग देऊ, हे बाबांनी मला विचारलं नव्हतं.