साडूपेक्षा बोटभर मोठं

रिठदच्या पुंजाजीला कधी ताप आला नाही, कधी खोकला झाला नाही. पोटातली जळजळ मात्र जन्मभर होती. तिचं औषध कुठल्या वैद्याकडे नव्हतं, कारण त्या जळजळीचं नाव जगदेव होतं.

जगदेव त्याचा साडू. मेडशीच्या एकाच घरातल्या दोन बहिणी, थोरली मनकर्णा जगदेवाला दिलेली आणि धाकटी सोजर पुंजाजीला. दोघींची लग्नं एकाच मांडवात लागली. थोरल्या नवरदेवाच्या वेळी वाजंत्री जरा जोरात वाजली, ही पुंजाजीची तक्रार त्याच दिवशी सुरू झाली. देणाऱ्यांनी विचार केला होता की दोघी समोरासमोर नांदतील, एकमेकींना आधार होईल. तसा तो झालाही. पुंजाजीच्या वाट्याला मात्र जगदेवाची ओसरी आली. ती त्याच्या ओट्याच्या अगदी समोर होती, मध्ये काय ती एक गाडीवाट. सकाळी तोंड धुवायला बाहेर आलं की आधी जगदेव दिसायचा, नंतर सूर्य.

आणि त्या ओसरीवर जगदेव चितरं लावायचा.

रिसोडच्या बाजारात फुलचंदचं दुकान होतं. तिथून त्यानं पहिल्यांदा आणलं ते हत्ती आणि मगरीचं, काच आणि चौकट लावलेलं. मग रामाचा दरबार आला, मग सावित्री आली. कापडाच्या ठाणावरची झोक्यावर बसलेल्या बाईची छाप आली. एकदा तर बिस्किटाच्या डब्याचं झाकणच त्यानं खिळ्यानं ठोकलं, कारण झाकणावर बगळा होता. जगदेवाच्या घरी लेकरू नव्हतं, जेवणं आटोपली की घर सुनं पडायचं. पण चितरं आली आणि गाव ओसरीवर यायला लागलं. तलाठी आला तर तिथेच चहा प्यायचा.

जगदेव बोलायचा म्हणजे चिखलातून गाडी काढल्यासारखा. "हा... पाह्य... हत्ती. अन् त्याच्या... पायाले... ते..." एवढ्यात ऐकणाऱ्याची विडी विझायची. "...मगर." आणि तरी लोक बसून राहायचे, मगर येईपर्यंत!

"देव पाहायचा तं देवळात जा ना गा!" पुंजाजी आपल्या ओट्यावरून फणफणायचा. "याच्या घरी काहून जाऊन राह्यले सारे? कागदं तं हायेत! भितीले कागदं डकवले, झाला का मोठा माणूस?"

"तुमी बी जा ना मंग," सोजरबाई म्हणायची. "साडूच तं हाय. पाय नाही तोडत कोणी."

"मी नाही जात. माह्या पायाले काटे रुतते तिथं."

गेला नाही तो. म्हणजे माणसं असताना गेला नाही. एकदा सगळे वावरात असताना सोजरबाईला तो जगदेवाच्या ओसरीवर सापडला. हात वर करून भिंतीवर वीत टाकत होता.

"अवो, भितीले काय चाचपून राह्यले?"

"पाल होती."

पाल रामाच्या दरबाराएवढी होती. पुढच्या बाजारी पुंजाजी फुलचंदच्या दुकानात उभा राहिला आणि वीत दाखवून म्हणाला, "याहून बोटभर मोठं दे. कोणतं बी दे."

फुलचंदला दुकानदारी काय शिकवायची? त्यानं डोळे अर्धे मिटले. "जगदेवभाऊनं जे नेलं ना, त्याचा बडा भाई आहे माझ्याकडे. देखो तो सही, सेठ! घर में रखोगे तो घर छोटा दिसेल."

तेव्हापासून हेच चाललं. जगदेवानं एक आणलं की पुंजाजीनं त्याचा बडा भाई आणायचा. एक तर दारातून आत जाईना, चौकटीची बाजू सोडवून न्यावं लागलं. पुंजाजीनं स्वतः कधी एकाही चितराकडे नीट पाहिलं नाही. राम आहे की रावण, हे लेकरांना विचारावं लागायचं. त्याला पाहायचं होतं दुसरंच. ते मोठं चितर बघून जगदेवाचं तोंड पडलेलं, एकदा, फक्त एकदा.

पण जगदेव यायचा, चपला बाहेर काढायचा, चितरापुढे उभा राहायचा आणि म्हणायचा, "बेस हाय... पुंजाजी. घरात... उजेड आला." आणि मनापासून म्हणायचा! त्यात खोट असती तर पुंजाजीला झोप तरी लागली असती.

सोजरबाईनं एकदा विचारलं, "अवो, लोकं चितरं काहून जमवत असतीन?"

"ते दुसऱ्याच्या घरी राहू नाही म्हणून," पुंजाजी म्हणाला. आणि त्यात त्याला काही वावगं वाटलं नाही.

छत्तीस सालच्या उन्हाळ्यात रिसोडच्या शाळेतले चित्रकलेचे मास्तर मारोतराव गावोगाव रंगपेटी घेऊन फिरत होते. रिठदला आले ते सरळ जगदेवाच्या ओसरीवर बसले. सावलीला बसून त्यांनी गाडीवाटेकडे तोंड करून काहीतरी रंगवलं. पुंजाजी समोरच्या ओट्यावर दुपारभर धगधगत होता. मास्तरही तिकडेच गेला! माह्या ओट्याले काय सावली नाही?

भादव्यात मास्तरांनी रिसोडला चितरांचं प्रदर्शन मांडलं. मास्तरांची, देवळाच्या भिंती रंगवणाऱ्या उदयसिंगची आणि नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या दोघांची मिळून. जागा म्हणजे फुलचंदचं जिन, कापसाची सरकी काढायचा कारखाना. कापूस यायला अजून अवकाश होता, जिन रिकामंच होतं. वाशांना गेल्या साली चिकटलेला कापूस तसाच लोंबत होता आणि त्याच्याखाली सुतळीवर चितरं टांगली होती. फुलचंदनं नारळ फोडला, गुलाल वाहिला. मास्तरांनी भाषण केलं.

"बंधुभगिनींनो, कला म्हणजे आत्म्याचं अन्न. ज्याच्या घरी चित्र नाही, त्याचं घर उपाशी आहे."

"आमच्या घरी चितर हाय, मास्तर," मागून कोणीतरी म्हणालं, "ज्वारी नाही." मास्तर म्हणाले, "शांतता पाळा."

पुंजाजी सोजरबाईला छकड्यात घालून आलाच होता, कारण जगदेव मनकर्णाबाईला घेऊन येणार होता. आल्याबरोबर त्यानं फुलचंदला गाठलं आणि कोपऱ्यातल्या एका चितराकडे बोट दाखवून सवयीनं विचारलं, "याचा बडा भाई?"

"भाई नाही, बहेन नाही, सेठ. हे हाताचं काम. छापखाना नाही. दुनियेत एकच."

"एकच?"

"एकच. ज्यानं नेलं त्यानं नेलं. दुसरा हात चोळत बसेल."

पुंजाजीच्या अंगावर काटा आला. आजवर बोटभर मोठं मिळत होतं, पण लहान ते जगदेवाजवळ राहतच होतं. इथे तसं नव्हतं. इथे एकाला मिळालं की दुसऱ्याला कधीच नाही! असा बाजार असतो हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

मग काय, एवढ्या गर्दीत चितरांकडे पाठ करून फिरणारा तो एकटा माणूस. सगळे भिंतीकडे पाहत होते, पुंजाजी जगदेवाकडे. जगदेव उदयसिंगच्या मारुतीपुढे थांबला आणि पुढे गेला. पडद्यावरच्या महालापुढे थांबला, तिथूनही पुढे गेला. शेवटच्या खांबाजवळ आला आणि तिथे मात्र गडी गाडला गेला. मान एका बाजूला झाली, तोंडावर हसू आलं. त्यानं मनकर्णाबाईला हाक मारली, "अवं... इकडे ये... पाह्य." तिनं पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. जगदेव तरी हलेना.

तेच. तेच पाहिजे! पुंजाजी उलट्या पावली मास्तरांच्या टेबलाकडे धावला.

"मास्तर, ते घेतलं म्या."

"कोणतं?"

"ते, जगदेव उभा हाय ते."

मारोतराव मास्तरांनी चष्मा वर केला. "ते? ते तुम्हाला हवंय? खरंच? मला तर भीती होती, तुम्हाला राग येईल."

"राग कायले येईन? हात द्या."

मास्तरांना वाटलं अभिनंदन करतोय, त्यांनी हात दिला. पुंजाजीनं त्यावर आपलं उपरणं टाकलं आणि आतून त्यांची बोटं दाबायला लागला. बैलबाजारात भाव असाच करतात, उपरण्याखाली, म्हणजे शेजारच्याला कळत नाही. मास्तरांना बैलबाजार ठाऊक नव्हता. ते बोटं सोडवू लागले, हा सोडीना.

"अहो, काय करताय! रंग लावायचा हात आहे तो!"

"वाढवू का? बोला. हे घ्या, वाढवलं."

"घ्या! न्या! पण हात सोडा!"

सौदा झाला. आता बाजारात सौदा झाल्यावर काय करतात? जनावराच्या कपाळाला गुलाल लावतात, म्हणजे दुसरं गिऱ्हाईक दाव्याला हात लावत नाही. नारळाचं ताट तिथेच होतं. पुंजाजीनं मूठभर गुलाल उचलला, गर्दीत शिरला, जगदेवाच्या खांद्यावरून हात पुढे घातला आणि चितरावर पचकन थापला. डोळे चितराकडे नव्हतेच, ते जगदेवाच्या तोंडावर होते. आता पडते, आता पडते!

"अहो!" मागून मास्तर किंचाळले. "रंग ओला आहे अजून! परवाच पुन्हा हात फिरवलाय! पावसाळ्यात तैलरंग वाळत नाही हो!"

तेवढ्यात हशा पिकला. जिनाचे पत्रे वाजले म्हणा ना. सोजरबाई तर खालीच बसली.

पुंजाजीनं पहिल्यांदा चितराकडे पाहिलं.

ओटा होता. दुपारचं ऊन होतं. ओट्यावर गुडघे उराशी घेऊन एक माणूस बसला होता, दोन्ही मुठी हनुवटीखाली, ओठ कच्ची चिंच चावल्यासारखे ताणलेले. डोळे सरळ पाहणाऱ्यावर रोखलेले, जणू पाहणाऱ्यानं त्याचं काही पळवलं आहे. आणि नाकापासून कपाळापर्यंत ताजा लालभडक गुलाल.

"पुंजाजी," कोणीतरी ओरडलं, "सोताच्याच तोंडाले गुलाल लावला का गा? आता कोणाच्या दावणीले बांधू?"

"दात पाह्यले का घेतानी?" दुसरा म्हणाला.

पुंजाजीचे कान तापले. हे असं दिसतो मी? कोणी सांगितलं नाही? नको, परत घ्या, असं म्हणायला तोंड उघडलं, पण गुलाल लागलेलं जनावर परत होत नाही, हे त्याला मास्तरांपेक्षा जास्त ठाऊक होतं.

तेवढ्यात जगदेवानं त्याच्या कोपराला धरलं.

"पुंजाजी... ते... मले दे."

"काय?"

"चितर. मले... घ्यायचं होतं. मी... मनाशी बोलूनच राह्यलो होतो... तेवढ्यात तू..." जगदेव थांबला. लोकांचं हसूही थांबलं. "माह्या ओसरीवर सारे येते गा. चितरं पाहून जाते. मी... कोणाकडं पाहू? माही पाठ भितीकडं. समोर... तूच. तू वावरात गेला का... ओसरी खायले उठते. हे घरात असतं... तं बरं झालं असतं."

पुंजाजीनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. पडलं होतं! खरंच पडलं होतं! ओठ ताणलेले, डोळे त्या चौकटीवर चिकटलेले, हुबेहूब चितरातल्या माणसासारखे. इतकी वर्षं जे पाहायचं होतं ते समोर होतं, आणि फुकट.

"नाही देत, साडभाऊ," पुंजाजी म्हणाला. आवाज एवढा गोड की सोजरबाई दचकली. "पाह्यचं असन तं घरी या."

आता हसणाऱ्यांची काय पर्वा? पुंजाजीनं चितर मांडीवर घेऊन छकडा हाकला. वाटेत दोनदा थांबून गुलाल पुसून पाहिला, तो आणखीच पसरला. घरी येऊन त्यानं सगळे बडे भाई उतरवले, गोठ्याकडच्या खोलीत टाकले आणि मधोमध हे एकटं लावलं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला जगदेव आला. चपला बाहेर काढल्या, समोर बसला आणि पाहत राहिला. तिसऱ्या दिवशीही आला. जगदेव इकडे, म्हणून गावही इकडे आलं. गुलाल लावलेला पुंजाजी पाहायला मेडशीहून माणसं आली, तलाठ्याचा चहा इकडे सुरू झाला. समोरची ओसरी ओस पडली. बगळा एकटाच उभा होता तिथे. पुंजाजीनं सगळं जिंकलं. पोट थंड झालं, भाकर गोड लागू लागली. सोजरबाईनं नवस फेडायचं मनात आणलं.

पण आठेक दिवस गेले असतील.

"साडभाऊ," पुंजाजी म्हणाला, "तुरीचं कसं काय यंदा?"

"हं..." जगदेव म्हणाला. मान वळवली नाही.

"म्हटलं, तुरी..."

"हं." जगदेव चितराकडे पाहून गालात हसला. एवढंच नाही, त्याला हळूच मान हलवली, ओळखीच्या माणसाला हलवतात तशी.

पुंजाजीनं भिंतीवरच्या त्या माणसाकडे पाहिलं. काय आहे त्याच्यात? बोलत नाही, चालत नाही, विडी देत नाही. नाकावर गुलाल! आणि मी इथे जिता बसलो तर माझ्याकडे कोणी पाहत नाही? पोटात बारीकशी, ओळखीची कळ आली.

"आता कोणावर जळून राह्यले?" चुलीपाशी सोजरबाईनं विचारलं. तिला नुसत्या श्वासावरून कळायचं.

"कोणावर नाही."

तो उठला आणि बरोबर चितराखाली भिंतीला टेकून बसला. गुडघे उराशी घेतले. मुठी हनुवटीखाली नेल्या. ओठ ताणले, हळूहळू, कच्ची चिंच आठवून आठवून. आणि डोळे रोखून जगदेवाकडे पाहू लागला.

जगदेवानं मान डावीकडे केली. उजवीकडे केली. मग जरासा उंच झाला.

"पुंजाजी..." तो म्हणाला, "जरा... बाजूले सरक ना गा. दिसून... नाही राह्यलं."