आबासाहेबांचा जांभळा खडू

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी फोनच्या शेजारीच बसलो होतो. शेजारी म्हणजे किती... हात लांब केला असता तर रिसीव्हर हातात आला असता. पण फोन वाजला आणि मी सवयीनं स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडलो, “अगं, फोन बघ!” वासंती, म्हणजे माझी बायको, कणकेचे हात पुसत आली, फोन घेतला, “हं दाजी... कधी?” एवढंच म्हणाली आणि भिंतीला टेकली. बहीण माझी, सख्खी, पण ती गेल्याचं आधी कळलं वासंतीला, कारण आमच्या घरात फोनपर्यंत चालत यायचं काम तिचं आहे. शैलाताईला हे समजलं असतं तर तिनं ते नक्की नाटकात घातलं असतं. मला एकदा घातलंच होतं तिनं नाटकात. ते सांगायला बसलोय... आणि हो, बसूनच सांगतोय.

ताई नेरूळच्या एका शाळेत मराठी शिकवायची. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. लग्नानंतर ती आणि दाजी इकडे राहायला आले तेव्हा इथं सेक्टर होते, रस्ते मात्र यायचे होते. पुढं तिनंच मलाही ओढून आणलं, मार्केटात मसाल्याच्या गाळ्यावर मुनीम म्हणून चिकटवलं आणि आपल्या शाळेजवळच फ्लॅट बघून दिला. मिरचीच्या पोत्यांमध्ये दिवसभर गादीवर मांडी घालून बसायचं, असं माझं काम. त्यामुळे बसण्याचा मला पक्का सराव. संध्याकाळी घरी आलो की गादीवरून उठलेला माणूस खुर्चीत बसतो, एवढाच काय तो फरक. माझा मुलगा मिलिंद ताईच्याच शाळेत होता. घरी तिला आत्या म्हणायचा आणि शाळेत बाई, आणि दोन्हीकडे सारखाच घाबरायचा.

तो नववीत असताना ताईनं वर्गाला एक जुनं विनोदी नाटक शिकवायला घेतलं. आबासाहेब नावाचे एक गृहस्थ झोपाळ्यावर बसून मुलीचं लग्न ठरवतात. घरातले सगळे त्यांच्या माघारी धावपळ करून भलत्याच, पण चांगल्या मुलाशी तिचं लग्न लावून देतात, आणि शेवटी आबासाहेब मिशीवर ताव देऊन म्हणतात, बघा, मी होतो म्हणून जमलं! आमच्या वेळी अशा नाटकावर ‘आबासाहेबांचे स्वभावचित्र रेखाटा’ असा प्रश्न यायचा आणि आम्ही गाईडमधलं स्वभावचित्र उतरवायचो. ताईला गाईडचा राग. तिनं मुलांना सांगितलं, प्रत्येक पात्राची पिशवी भरून आणा. त्या माणसाच्या पिशवीत काय असेल ते शोधा. आबासाहेबांच्या बायकोच्या पिशवीत मुलांनी किल्ल्या, औषधाची बाटली, सुईदोरा, चिंचेचा गोळा असं काय काय भरलं की ती उचलेना. आणि आबासाहेबांची पिशवी ज्याच्याकडे होती तो पोरगा हात हलवत आला. म्हणाला, “बाई, त्यांना पिशवी नसते. दुसरं कोणीतरी धरतं.” ताई त्या दिवशी आमच्याकडे येऊन हे सांगताना अशी खूश होती, जसं काही त्या पोराचा बोर्डात नंबर आला होता.

मग खडूंचा प्रकार सुरू झाला. वर्गातले बाक भिंतीला लावले, जमिनीवर आबासाहेबांचं घर आखलं आणि प्रत्येक पात्राला एकेक रंग दिला. बायकोला पांढरा, मुलीला पिवळा, नोकराला हिरवा, आबासाहेबांना जांभळा. पात्र हललं की मागून एकानं त्याच्या रंगानं जमिनीवर रेघ ओढत जायचं. एक मुलगा बोलतोय, दुसरा त्याच्या मागं वाकून रांगतोय, असं ते दृश्य. पर्यवेक्षक डोकावले म्हणे. “बाई, हे काय चाललंय?” “नाटक शिकवतेय सर.” “मग पुस्तक कुठंय?” “सर, तुम्ही त्याच्यावरच उभे आहात,” ताई म्हणाली, आणि पर्यवेक्षक दचकून आबासाहेबांच्या माजघरातून बाहेर आले.

तिसरा प्रकार मात्र मला भोवला. ताईनं मुलांना सांगितलं, आपापल्या घरी कान उघडे ठेवा आणि आबासाहेबांच्या तोंडी शोभेल असं एक वाक्य चिठ्ठीवर लिहून आणा. नाव लिहायचं नाही. सगळ्या चिठ्ठ्या एका डब्यात. पालकांच्या दिवशी वर्गातच नाटकातला एक प्रवेश करायचा ठरला. आबासाहेबांची वेळ आली की त्या मुलानं डब्यातून चिठ्ठी काढायची आणि ते वाक्य म्हणायचं.

आम्ही सगळे बाकांवर दाटीवाटीनं बसलो होतो. झोपाळा म्हणून एक बाक मधोमध ठेवला होता, आणि दोन मुलं दोन बाजूंनी तो डोलवत होती. त्यातला एक आमचा मिलिंद. आबासाहेब झालेला पोरगा गुटगुटीत, मिशा कोळशाच्या. त्यानं पहिली चिठ्ठी काढली. “मी काही बोलत नाही, पण माझं ऐकायचं!” हशा. दुसरी काढली. “तुला काय कमी आहे घरात? पंखासुद्धा आहे!” पुन्हा हशा. बायको झालेली मंदा नावाची, खाडीकाठच्या दिवाळे गावातल्या कोळ्यांची मुलगी तेवढ्यात पाणी, पान, चष्मा, पंचा असं करत सारखी आतबाहेर करत होती. मग तिसरी चिठ्ठी. पोरानं आवाजात भलताच गोडवा आणून म्हटलं, “अगं, किती राबतेस! बस ना जरा... चहा टाक आणि बस.”

मी इतका हसलो की पुढच्या बाकावरचे लोक वळून बघायला लागले. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. वासंतीला कोपरानं ढोसून म्हणालो, “काय नग असतात बघ एकेक!” तेवढ्यानं भागेना म्हणून मागं वळून शेजारच्या खोतांना विचारलं, “कोणाच्या घरचं असेल हो हे?” खोतांचं आणि आमचं स्वयंपाकघर एका भिंतीचं. खोत म्हणाले, “आता काय सांगायचं...” आणि वरच्या पंख्याकडे बघत राहिले. वासंती हळूच म्हणाली, “अहो, झालं का हसून?” तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी समोर पाहिलं. मिलिंद बाक डोलवायचा थांबला होता, मान खाली, कान लाल. आणि मग ते वाक्य मला माझ्याच आवाजात ऐकू आलं. आदल्या संध्याकाळचं, त्याच्या आदल्या संध्याकाळचं... सगळ्या संध्याकाळींचं.

प्रवेश संपल्यावर ताईनं सगळ्यांना जमीन बघायला बोलावलं. पांढऱ्या रेघांनी अख्खं घर भरून गेलं होतं, माजघरातून झोपाळ्यापर्यंत तर पाय ठेवायला जागा नव्हती. पिवळ्या, हिरव्या रेघा त्यातून वाट काढत गेलेल्या. झोपाळ्याखाली मात्र जमीन लख्ख. जांभळी रेघ कुठंच नव्हती. मंदा कमरेवर हात ठेवून म्हणाली, “बाई, माझं पाय दुखलं! आबासाहेबाचं काय दुखनार, तो उठलाच नाय!” लोक पुन्हा हसले. मी खाली बघितलं. सगळे जमीन बघायला उठले होते आणि मी अजून बाकावरच होतो.

घरी जाताना मिलिंदला विचारलं, “माझंच का रे लिहिलंस?” तो म्हणाला, “पप्पा, बाईंनी सांगितलं होतं, ज्या वाक्याला घरात कोणीच हसत नाही तेच आणा.” मी तडक ताईकडे गेलो. “ताई, सोसायटीत तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस.”

“मी कुठं तुझं नाव घेतलं?”

“नाव कशाला लागतंय? आमच्या भिंती काय किल्ल्याच्या आहेत?”

ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. म्हणाली, “दिनू, खरं सांगू? चिठ्ठी उघडली आणि मला वाटलं, हे आपल्या अण्णांचं वाक्य. अण्णाच ओसरीवरून बोलतायत असा भास झाला बघ. तू आईला कधी बसलेली पाहिलीस?”

“चुलीपुढं बसायची की.”

“त्याला बसणं म्हणतात होय रे?”

मी आठवून पाहिलं. आई आठवली ती दारात उभी. हातात तांब्या, नाहीतर ताट, नाहीतर अण्णांचा सदरा. मी तावातावानं म्हणालो, “पण मिलिंदनं तर अण्णांना पाहिलेलंसुद्धा नाही!”

“तेच म्हणतेय मी,” ताई म्हणाली.

तरी मी हट्ट सोडला नाही. स्नेहसंमेलनात तो प्रवेश पुन्हा होणार होता, तिथं ते वाक्य नको म्हटलं. ताई लगेच तयार झाली. “काढते.” एवढ्या सहज मान्य केलं तेव्हाच मला शंका यायला हवी होती. मैदानात मांडव, समोर सगळी वसाहत, आणि ती जागा आली. गुटगुटीत आबासाहेबांनी तोंड उघडलं... मिटलं... आणि नुसता हात हलवला. मंदा थांबली, त्यांच्याकडे बघत राहिली, आणि एक अक्षर न बोलता चहा टाकायला वळली. सगळा मांडव हसून कोसळला! एव्हाना ते वाक्य सगळ्यांना पाठ झालेलं, त्यामुळे ते ऐकायची गरज कोणालाच नव्हती. पहिल्या वेळी न हसलेली वासंती या वेळी पदर तोंडात कोंबून हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी शेजारी बसून टाळ्या वाजवल्या. न वाजवल्या असत्या तर राहिलेल्यांनाही कळलं असतं. पडद्याआडून ताईनं एकदा माझ्याकडे बघितलं. तिच्या नजरेत विजय वगैरे काही नव्हता. लहानपणी मी पडलो की कुठं लागलंय ते बघायची, तशी बघत होती.

वाचकांना वाटेल, मग मी सुधारलो. सुधारलो की, थोडे दिवस. मी केलेला चहा उतू जायचा, ओटा पुसण्यात वासंतीचा चहापेक्षा जास्त वेळ जायचा. शेवटी तिलाच ते बघवेना आणि मी सन्मानानं खुर्चीत परतलो... हे अर्थात मी माझ्या सोयीचं लिहितोय. तिची बाजू तिनं लिहिली तर वेगळी असेल.

पुढं ताईचं हृदय दमत गेलं. शाळा सुटली. बेलापूरच्या घरात ती गॅलरीत आरामखुर्चीवर बसून दिवाळ्याच्या होड्या बघत असायची. बसलेली ताई मला बघवायची नाही, डोळ्यांना सवयच नव्हती. जायच्या आदल्या आठवड्यात मी एकटाच तिला भेटायला गेलो. दाजी औषधं आणायला खाली उतरलेले. मला बघताच ती खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायला लागली. डॉक्टरांनी तिला चालायलासुद्धा जपून सांगितलेलं. आणि मी, तिचा धाकटा भाऊ, जीव तुटून म्हणालो, “अगं ताई, कशाला उठतेस! बस ना... अर्धाच कप कर.”

ती थांबली. माझ्याकडे बघितलं. मग हसायला लागली, भिंतीला धरून, खोकला येईपर्यंत. “दिनू,” म्हणाली, “अण्णा आले बघ!” मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी “अगं, मी करतो, मी करतो” म्हणत उठेपर्यंत ती हळूहळू भिंत धरत ओट्यापाशी पोचली होती. “राहू दे. साखर कुठं आहे हे सांगेपर्यंत चहा होईल माझा.” चहा झाला. आणि मी तो प्यायलो. आलं घातलेला होता, छान झाला होता. शेवटच्या भेटीत मी काय केलं असं कोणी विचारलं, तर एवढंच केलं.

तेराव्यानंतर दाजींनी मला एक बिस्किटांचा डबा आणून दिला. तिचे रंगीत खडू. पांढऱ्याचे नुसते नखाएवढे तुकडे उरलेले, हिरवा, पिवळा अर्धामुर्धा. जांभळा मात्र अख्खा, दुकानातून आणला तसा. “बाकीचे दर वर्षी नवीन आणायची,” दाजी म्हणाले. “हा एकच, पहिल्यापासूनचा. म्हणायची, आबासाहेब उठले की वापरू.”

तो खडू मी घरी फोनशेजारी ठेवलाय. काल संध्याकाळी मार्केटातून आलो, खुर्चीत बसलो, हाक मारायला तोंड उघडलं आणि तो दिसला. उठलो. स्वयंपाकघरात गेलो. वासंती भाजी चिरत होती. “काय हवंय?” म्हणाली. म्हटलं, “काही नाही. तू बस.” ती बसली नाही. सुरी हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. वाक्याचा राहिलेला भाग यायची वाट बघत होती... इतक्या वर्षांची सवय तिलाही. मी पातेलं शोधलं, पाणी ठेवलं. साखर तिनं बोटानं दाखवली, आणि मग कुठं ती स्टुलाच्या कडेवर टेकली.

चहा पिऊन झाल्यावर तिनं बाहेर जाऊन तो खडू आणला आणि माझ्या हातात दिला. “ओढा आता.” मी बाहेर जाऊन गुडघे टेकले आणि खुर्चीपासून ओट्याकडे रेघ ओढायला सुरुवात केली. सरसावून बसलो होतो, कंबर धरेल म्हणून मनाची तयारीही केली होती. पण दोनदा सरकलो न सरकलो तोच डोकं ओट्याला टेकलं. खडू जेमतेम टोकाला झिजला होता. एवढंच होतं अंतर.