दारावरचा निंबाचा डहाळा

देवीवर माझी श्रद्धा लहानपणापासूनची; पण त्या उन्हाळ्यात ती पार डळमळली होती, हे आधीच सांगून टाकते. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. आम्ही अमडापूरला राहत होतो, हे तिथल्या शाळेत मास्तर. आमच्या सहा वर्षांच्या यमूला गोवर निघाला. घरी देवी आली म्हणून सासूबाईंनी सगळं यथासांग पाळलं. दारावर निंबाचा डहाळा, चुलीवर फोडणी बंद, ह्यांची दाढी बंद, औषधाचं तर नावच नाही. पुरळ मावळल्यावर यमूला निंबाच्या पाण्यानं न्हाऊ घातलं, झाडाखाली दहीभाताचा नैवेद्य ठेवला आणि देवीची पाठवणी केली. पोर अंगणात खेळायला लागली.

आठवडाही झाला नसेल, तिला पुन्हा ताप भरला. सारखी झोपून राहायची, हाक मारली तर भलतीकडेच बघायची. उभं करायला गेले तर पाय चिंधीसारखे लोंबकळले. मग लघवी तुंबली आणि पोट फुगलं. मी ह्यांना म्हटलं, गाडी जोडा, दवाखान्यात नेऊ. पण सासूबाई दारात आडव्या झाल्या. "पाठवणी घाईनं केली आपण. माय कोपली. आता औषध पाजलं तं पोर हातची जाईन." आणि त्यांनी डहाळा पुन्हा दारावर खोवला. त्या दुष्ट नव्हत्या. यमूवर त्यांचा माझ्याइतकाच जीव, म्हणून तर इतक्या घाबरल्या होत्या. एरवी वर्गात गर्जणारे आमचे हे आईपुढे मात्र मुकाट बसून राहिले.

मला देवीचाच राग आला. लेकराचे पाय घेणारी ही कसली माय? ओटीचं सामान घेऊन मी टेकडीवरच्या देवळात निघाले. घरी सांगितलं क्षमा मागायला जाते. खरं म्हणजे भांडायला. देवळाच्या पायरीवर एक म्हातारी आराधीण परडी मांडीवर घेऊन बसली होती, जोगवा मागत गावोगाव फिरणारी. जानेफळकडून आले म्हणाली. मी रडतेय हे पाहून तिनं विचारलं आणि मी सगळं सांगितलं. ती चिडलीच. "पाठवणी केली ना तुम्ही? पाहुणीले मानानं लावून दिलं, आन् मंग घरात काही बिघडलं तं तिच्यावरच आळ घेता? माय गेली वं बाई. हा आजार हाये. पोरीले दवाखान्यात काऊन नाही नेत?"

तेवढं बोलून ती थांबली नाही, माझ्यासोबत टेकडी उतरून घरी आली. परडीवाली दारात पाहून सासूबाई पदर सावरून पाया पडल्या. तिनं यमूच्या कपाळाला कुंकू लावलं, स्वतःच्या हातानं डहाळा काढला आणि म्हणाली, "मायचा हुकूम हाये. गाडी जोडा." गाडीत यमूच्या उशाशी सगळ्यात आधी सासूबाईच जाऊन बसल्या.

"गोवर गेल्यावर क्वचित एखाद्या मुलाच्या मेंदूला आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूला सूज येते," दवाखान्यातल्या डॉक्टरांनी समजावलं. "ती उतरवणारं औषध आमच्याकडे नाही. पण लघवी काढता येईल. पाठीला जखमा होऊ द्यायच्या नाहीत, घास घशात अडकू द्यायचा नाही. बाकी वाट पाहायची." रबरी नळीनं लघवी झाली, यमूच्या चेहऱ्यावरचा ताण गेला, आणि आम्ही सासूसुना एकमेकींना धरून रडलो. लघवीपायी इतका आनंद त्या दवाखान्यानं क्वचितच पाहिला असेल. हळूहळू ताप उतरला. एका सकाळी यमूनं मला 'आई' म्हटलं आणि लगेच भूक लागली म्हणून भोकाड पसरलं. पाय मात्र हलेनात. चालेल का, असं विचारलं तर डॉक्टर खरं तेच बोलले, "सांगता येत नाही."

मग मी नवसांचा सपाटा लावला. अनवाणी येईन, भात सोडीन, चांदीचे पाय वाहीन. बाजारात घासाघीस करावी तसं रोज नवं काहीतरी. एका दुपारी सोडण्यासारखं काही उरलंच नाही. मी म्हटलं, चालली तरी माझी, न चालली तरी माझी. मी तिची कूस बदलत राहीन, पुढचं तू बघ. आणि तिच्याशेजारी आडवी होऊन कितीतरी दिवसांनी गाढ झोपले.

जाग आली ती बरगडीत लाथ बसल्यानं. झोपेत यमूनं पाय झाडला होता. मी श्वास रोखून पाहत राहिले. तिनं पुन्हा झाडला. मी ते पाऊल दोन्ही हातांत धरून कपाळाला लावलं. दारातून सासूबाई म्हणाल्या, "काय वं, लेकीच्या पाया पडून राह्यली?" मी म्हटलं, "हाव." त्या जवळ आल्या आणि दुसरं पाऊल त्यांनी धरलं.

यमू आधी भिंत धरून, मग मोकळी चालायला लागली. त्या आराधिणीचा मी जानेफळपर्यंत शोध घेतला, पण ती कुणाला ठाऊक नव्हती. ती कोण होती, हा वाद मी कुणाशी घालत नाही. मला इतकंच उमगलं की देवीवर भार टाकला तरी गाडी आपणच जोडायची असते, कूस आपणच बदलायची असते. फक्त पुढचं काय ते तिच्या हाती सोडून निजता आलं पाहिजे. आज यमूला तिची लेकरं आहेत. दिवसभर त्यांच्यामागे धावून पाय दुखतात म्हणून ती कुरकुरते. मी तिचे पाय चेपत बसते आणि मनातल्या मनात म्हणते, माय, दुखू दे गं.