पाच पाण्यांनी धुतलेले तांदूळ

देवरीच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी मराठी शिकवते. बारावीला तेव्हा एक जुनी, नावाजलेली कथा होती. नवरा दुसरी बायको करून आणतो. पहिली तिला ओवाळून घरात घेते, एक शब्द न बोलता स्वयंपाकाला लागते, पाच पाण्यांनी तांदूळ धुते. कथा तिथेच संपते.

सराव परीक्षेत पहिल्या बायकोचं स्वभावचित्र विचारलं. सगळ्या वर्गाने गाइडमधला ‘त्याग, सोशिकता, मनाचा मोठेपणा’ उतरवला. एकीने नाही. ती जंगलाकाठच्या गावातून बसने यायची. आई उन्हाळ्यात मोहफुलं वेचायची, तेंदूपत्ता तोडायची. तिने लिहिलं होतं, ‘तांदूळ दोन पाण्यांनी धुतात. पाच पाण्यांनी धुणारी बाई चिडलेली आहे. त्या घरात तिला बोलता येत नाही, म्हणून ती धूतच राहते.’

मी पाचपैकी पाच दिले. इतकी वर्षं ती कथा शिकवूनही मला ते पाणी दिसलं नव्हतं.

विभागप्रमुखांनी फेरतपासणीत माझा पाच खोडून एक केला. मी पेपर घेऊन त्यांच्यासमोर गेले.

“सर, हे चूक कसं?”

“नमुना उत्तरात त्याग आहे, मॅडम. राग कुठून आला?”

“कथेतून. तुम्ही शेवटची कधी वाचली?”

ते हसले. “कथा कोण वाचते? गाइड आहे न. कायले टेन्शन घेऊन राहिल्या?”

स्टाफरूममधले दोघे-तिघेही हसले. माझे कान तापले. ज्या माणसाने वीस वर्षं न वाचता शिकवलं, तो वाचणाऱ्या पोरीला चूक ठरवत होता. मी तोंडाला येईल ते बोलले, प्राचार्यांकडे लेखी तक्रार केली. उत्तर आलं नाही. गुण एकच राहिला.

पेपर वाटले त्या दिवशी ती व्हरांड्यात थांबली होती.

“मॅडमजी, मार्क काऊन कापले? थे बाई रागातच हाये जी. माही माय अशीच करते.”

“तुझं बरोबर आहे,” मी म्हटलं.

“मंग बोर्डात काय लिहू?”

तिला नर्सिंगला जायचं होतं, एकेक गुण मोलाचा होता. बोर्डाचा पेपर कुणाच्या हाती पडेल, मला ठाऊक नव्हतं.

“त्याग लिही,” मी म्हटलं.

तिने मान डोलावली. एवढ्या खऱ्या वाचनाला मीच माझ्या तोंडाने खोटं पाडलं, आणि तिने ते मुकाट ऐकून घेतलं.

तिला मराठीत चांगले गुण पडले. पेढे द्यायला ती घरी आली, पाया पडली. माझा विभागप्रमुखांवरचा राग केव्हाच निवला होता. स्वतःवरचा निवला नाही. तो पेढा मी ती जाईपर्यंत हातातच धरून बसले.