इंद्रभान गुरुजींचा शंभर टक्के निकाल

इंद्रभान गुरुजी वाईट माणूस होते असं म्या कधी म्हटलं नाही, म्हणणारही नाही. वाईट असते तर बरं झालं असतं. चार शिव्या देऊन मी मोकळी झाली असती. मागच्या साली ते गेले तवा सारं गाव रडलं. मी नाही रडली. माही माय सोजराबाई म्हणे, "काऊन व चांगुणे, एवढी कशी निबर झाली तू?" म्या म्हटलं, मले नको इचारू माय, अर्धं तर तुलेही ठाऊक हाये.

गुरुजी मेहकराकडचे. महाराष्ट्र होऊन दोनक सालं झाली असतील, तवा आमच्या गावात बदलून आले. आमचं गाव धाड नावाच्या बाजारगावापासून तीन कोस, मधात मोठा नाला. दोन खोल्यायची शाळा, चार वर्ग, दोन मास्तर. गुरुजी मोठे मास्तर, म्हणून तिसरी-चौथी त्यायच्याकडे. भर उन्हाळ्यातही अंगातला काळा कोट काढत नसत. शनवारी साऱ्या पोरायची नखं स्वतः कापत. कोणाले खरूज झाली तर निंबाच्या पाल्याचं पाणी घरून उकळून आणत अन् पोराले शाळेच्या ओट्यावर बसवून धूत. आता सांगा, अशा माणसाले शिव्या द्याव तरी कशा?

वेचणी लागली की आमची शाळा अर्धी खाली होये. माहे बाबा, पुंजाजी, किसनरावाकडे सालदार. मी अन् माय किसनरावाच्याच वावरात कापूस वेचायले जाऊ. शाळा सुटली की गुरुजी तिकडे येऊन धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभे राहत. "पुंजाजी, पोरीले घडीभर सोड बाप्पा." मंग मी ओटीतला कापूस तसाच धरून धुऱ्यावर बसे अन् ते मले पाटीवर भागाकार शिकवत. किसनराव लांबून ओरडत, "गुरुजी, आता वावरात शाळा भरवता का?" अन् हेच किसनराव शाळा समितीचे अध्यक्ष! गुरुजी नुसते हासत अन् पुढचं गणित घालत.

चौथीची परीक्षा धाडच्या केंद्रावर होये. बाकी गावचे मास्तर निवडून पोरं नेत. आमचे गुरुजी बैलगाडीत सारी कोंबून नेत. ढोरामागची, वेचणीतली, कोणाले मागं ठेवत नसत. "परीक्षेले बसलंच नाही तर त्याले काय येते ते त्याले तरी कसं कळंल?" असं म्हणत. पहिल्या साली नवातली तीन पास झाली, दुसऱ्या साली आठातली तीन.

मंग जीपमधून शाळा तपासणारे साहेब आले. गुरुजीच्या खुर्चीवर साहेब बसले अन् गुरुजी बाजूले उभे राह्यले, आमच्यासमोर. साहेबानं वरून आलेला कागद वाचला. लागोपाठ तीन सालं निकाल निम्म्याच्या खाली राह्यला तर चौथीचा वर्ग बंद, एक मास्तर उचलायचा, अन् पोरायनं नाला उतरून दुसऱ्या गावच्या शाळेत जायचं. गुरुजीची पगारवाढ तर तिथंच रोखली. वरून म्हणतात कसे, "अहो मास्तर, पलीकडच्या गावाचा निकाल बघा, शंभर टक्के! तिथे काय सगळे बृहस्पती जन्मलेत का? कच्ची मुलं केंद्रावर आणायचीच कशाला? एवढंही कळत नाही तुम्हाला?"

गुरुजी खाली पाहून "हो साहेब, हो साहेब" करून राह्यले होते. आम्ही तरटपट्टीवर बसून सारं ऐकलं. आमच्या गुरुजीले असं बोलणारा माणूस म्या पह्यल्यांदा पाह्यला. त्या साहेबाचा मले असा राग आला की काय सांगू! दोन दिवस मले जेवण गोड लागलं नाही.

तिसऱ्या साली मी चौथीत होती. आम्ही नऊ जण. परीक्षेले महिनाभर राह्यला अन् मारुतीच्या पारावर समिती बसली. किसनराव म्हणाले, "जी पोरं वेचणीत महिना-महिना शाळेत आली नाहीत त्यायची नावं कमी करा. सोपं काम हाये." बाप्पा! माणसाले थोडी तरी लाज असावी! मी शाळेत नव्हती तवा कोणाच्या वावरात होती? कोणाचा कापूस वेचत होती? पण पारावरच्या साऱ्यायनं माना डोलावल्या. माहे बाबाही तिथंच बसेल होते, खालच्या पायरीवर.

चार नावं निघाली. दोन ढोरं चारणारी पोरं, कलाबाईची रुख्मिणी, अन् मी. किसनरावाचा शंकर राह्यला, कारण त्याले कोणी वेचणीले नेत नव्हतं. गुरुजीनं रजिस्टर उघडलं अन् आपल्या त्या सुंदर अक्षरात माह्या नावापुढं लिहिलं, 'सतत गैरहजर, सबब नाव कमी केले.' मले हे शंकरनंच येऊन सांगतलं.

सांजच्याले गुरुजी आमच्या घरी आले. बाबायनं घोंगडं टाकलं, पण ते बसले नाहीत.

"सोजराबाई," ते मायले म्हणाले, "चौथी गेली तर या गावची एकही पोरगी तिसरीच्या पुढं जाणार नाही. नाला उतरून कोण धाडंल पोरीले? एवढ्यासाठी केलं."

"मंग माही पोरगी पोरगी नाही का?" माय चुलीपाशी होती, तिथूनच बोलली. "तिले सारं येते, गुरुजी. तुमीच त शिकवलं."

"येत असंल. पण भरोसा नाही ना देता येत, बाई. सारी नेली तर नवातली पाच तरी पास झाली पाह्यजेत. एकही कच्चं पोर नेऊन चालणार नाही यंदा."

"शाळा राहू द्या, गुरुजी," बाबा मधातच म्हणाले. "पोरीचं काय घेऊन बसले!"

माय मंग बाबाले जे बोलली ते इथं सांगण्यासारखं नाही. गुरुजी खालच्या मानेनं निघून गेले. मी दाराआड होती. माह्या डोक्यावर हात ठेवायले ते थांबतील असं मले वाटलं. थांबले नाहीत.

अन् याच्यावरही कहर पाहा. परीक्षेच्या दिवशी गाडी किसनरावाच्या घरून निघणार, अन् पोरायची शिदोरी करायचं काम माह्या मायले सांगतलं. तांबडं फुटायच्या आत आम्ही दोघीजणी किसनरावाच्या चुलीपाशी. माय भाकरी थापे, मी शेकू लागे. पाच पोरायच्या पाच शिदोऱ्या, ज्वारीच्या भाकरी अन् मिरचीचा ठेचा, म्या माह्या हातानं बांधल्या. पोरं नवे सदरे घालून गाडीत बसली. गुरुजीनं शिदोऱ्या घेतल्या, माह्या तोंडाकडे पाह्यलं नाही. गाडी गेली. मायनं भाकरीचा तवा उचलला अन् असा आदळला, की किसनरावाची बायको तानुबाई आतून धावत आली.

पाचातली पाच पास! शंभर टक्के! साहेब पुन्हा आले, यावेळी गुरुजीले खुर्चीवर बसवलं अन् स्वतः हार घातला. चौथी राह्यली, मास्तर राह्यला, वाढही मिळाली. गावात पेढे वाटले. आमच्या घरीही एक आला, तो बाबायनं खाल्ला.

म्या म्हटलं, असं नाही. शंकरकडून म्या गणिताचा पेपर मांगून घेतला. सात गणितं होती. घराच्या मागं निंबाखाली बसून, कोणाले न इचारता, पाटीच्या दोन्ही बाजूनं बारीक अक्षरात सातही सोडवली. एक तर कापसाच्या वजनाचं होतं, ते मले पाटी न घेताही आलं असतं. अन् भर दुपारी पाटी घेऊन गुरुजीच्या खोलीवर गेली.

"तपासा," म्या म्हटलं.

गुरुजीनं चष्मा लावला. पेन्सिल घेतली अन् एकेका गणितापुढं खूण करू लागले. पाटी उलटवली. पुन्हा पहिल्या बाजूले आले, पुन्हा तपासलं.

"पाच बरोबर हायेत," ते म्हणाले.

"पास व्हायले किती लागतात?"

"तीन."

त्यायनं पाटी मांडीवर ठेवली. मंग म्हणाले, "माहं चुकलं, पोरी."

मले वाटलं, झालं आपलं काम! म्या लगेच म्हटलं, "मंग जूनमधी मले परत चौथीत घ्या. पुढच्या साली बसू द्या."

गुरुजीनं चष्मा काढला. "तुहं नाव परत चढवलं तर साहेब इचारतील, एवढी हुशार पोरगी कमी काऊन केली होती? मंग ते चारही नावं उकरून काढतील. निकाल खोटा ठरंल. वर्ग जाईल. साऱ्या गावाच्या पोरी घरी बसतील."

"मी घरी बसली त चालते?"

गुरुजी चष्म्याच्या काचा पुसू लागले. खोटं सांगून माही समजूत काढली नाही, तेवढा खरा माणूस होता तो. मले रडू फुटून राह्यलं होतं, पण मी रडली नाही. म्या म्हटलं, "बरं. मंग चुकलेली दोन कशी करायची ते तरी सांगा."

अन् त्यायनं सांगतलं, बरं का! बाजूले बसवून, एकेक पायरी करून, धुऱ्यावर सांगत तसंच. एक वावराच्या लांबी-रुंदीचं होतं, ते दोनदा समजावलं. मले आलं. दुसरंही आलं. सातही गणितं बरोबर झाली माही.

मंग गुरुजीनं धोतराचा सोगा तांब्यात बुडवला अन् पाटी पुसली. एक बाजू पुसली, उलटवून दुसरी पुसली, कोपऱ्यातलं अक्षरही राहू देलं नाही. ओली पाटी माह्या हातात देली अन् हलक्या आवाजात म्हणाले, "हे कोणाले सांगू नको बरं, पोरी."

ते जिते होते तोपोतर म्या कोणालेच सांगतलं नाही. मायलेही नाही.