दत्तण्णांच्या शेंगा आणि मेजरचा जीव

शिंप्याच्या दुकानात दोन गोष्टी साठत जातात, चिंध्या आणि किस्से. चिंध्या न्यायला गादीवाला येतो. किस्से न्यायला कोणी येत नाही! ते मशिनखाली पडून राहतात, आणि एक ओढायला जावं तर त्याच्या धाग्याला अडकून पाच बाहेर येतात.

आमचं दुकान बसवनगुडीत. आमचे पूर्वज कधीकाळी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आले. फौज परत गेली, आम्ही राहिलो. कोणाचा तरी अंगरखा द्यायचा राहिला असणार. शिंप्याने कबूल केलेली तारीख कधी पाळलीय का! तेव्हापासून आमच्याकडे घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि उंबऱ्यावर दोन्हीची खिचडी. शाळेत मी सहावीपर्यंत गेलो. सातवीला मी पसंत पडलो नाही.

तर ही गोष्ट नव्वदनंतरची. सरकारी चॅनेलवर दर मंगळवारी रात्री नऊला हेरगिरीची एक हिंदी मालिका लागायची. नाव सांगत नाही. हेरखात्याची गोष्ट, गुप्त राहिलेली बरी! तिचा हिरो एक मेजर. लांब कोट, बारीक मिशी, आणि नजर अशी की नुसता बघितला तरी समोरचा गुन्हा कबूल करून टाकायचा. मंगळवारी नऊला आमच्या रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा भुंकायचं नाही.

*

पहिल्या भागाचा शेवटचा एपिसोड शूट करायला ती मंडळी बेंगळुरात आली. मेजरचा कोट बगलेत उसवला म्हणून त्यांचा असिस्टंट धावत माझ्याकडे आला. मी टीप मारत होतो तेवढ्यात म्हणाला, "एक बुजुर्ग आदमी चाहिए. बेंचपर बैठनेके लिए. अॅक्टर नहीं लगना चाहिए."

माझ्या दुकानात दत्तण्णा माझाच पेपर फुकट वाचत बसले होते. माझे शेजारी, पोस्टातून रिटायर झालेले. मुंगी आडवी आली तर वळसा घालून जाणारा माणूस! मी म्हटलं, "हे घेऊन जा. यांनी नोकरीभर बसण्याशिवाय काही केलेलं नाही."

काम सोपं होतं. पार्कातल्या बाकावर बसून शेंगा खायच्या, आणि मेजर शेजारी बसला की पुडी पुढे करायची. पुढचं दत्तण्णांना कोणी सांगितलंच नाही. मेजरने एक शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले, उठला, चार पावलं चालला, आणि धाडकन पडला!

आता दत्तण्णांची एक खोड आहे. घाबरले की त्यांना हसू येतं. पोस्टात इन्स्पेक्शन आलं की सगळे थरथरायचे आणि हे गालात हसायचे, त्यापायी प्रमोशन गेलं. मेजर पडला तसे दत्तण्णा भलतेच घाबरले. कॅमेऱ्याने ते हसू भरून घेतलं. पडदाभर दत्तण्णांचं हसू, आणि खाली अक्षरं, 'दुसरा भाग लवकरच'!

शिंप्याचं 'उद्या' आणि सरकारचं 'लवकरच' हे सख्खे भाऊ. मेजर मेला की जगला, हे आख्ख्या देशाला कळेना. आमच्या रस्त्याला मात्र एक गोष्ट पक्की कळली, विष कोणी घातलं ती! दुसऱ्या दिवशी दूधवाला दत्तण्णांच्या फाटकाबाहेरूनच ओरडला, "अक्का, पातेलं तुम्हीच आणा. अण्णांना पाठवू नका!"

*

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण त्याच महिन्यात दत्तण्णांच्या नलिनीला बघायला पाहुणे आले.

मुलगा मंदार लेले. कॉम्प्युटर कंपनीत, पुण्याहून आलेला, सोबत आईवडील, बनशंकरीत भाड्याचं घर. नलिनीला आणि त्याला कोपऱ्यावरच्या दर्शिनी हॉटेलात उभ्याने कॉफी पिताना मी बऱ्याचदा पाहिलं होतं, म्हणजे बघण्याचा कार्यक्रम नुसता नावाला. लेलेबाई बोलक्या. लेलेसाहेब गप्प. घरात त्यांची पाळी येत नसे, आणि बाहेर बाई बरोबर असायच्या.

दार उघडलं दत्तण्णांनी. पुण्याचे लोक, मोठं स्थळ, म्हणून घाबरले. घाबरले म्हणून हसले.

लेलेबाई उंबऱ्यातच थांबल्या. "अहो, हा तर तो शेंगावाला!"

कमलाक्का, म्हणजे दत्तण्णांची बायको, हात जोडून म्हणाल्या, "अहो वैनी, ते नाटक होतं."

"नाटक होतं ते मलाही कळतं. पण एवढ्या मोठ्या गावात नाटकाला हाच माणूस का सापडला त्यांना? काहीतरी दिसलं असेल ना चेहऱ्यात!"

मी तिथेच होतो, जावयाच्या सुटाचं माप घ्यायला टेप गळ्यात घालून. लेलेबाईंनी निकाल दिला, "दुसरा भाग येऊ दे. मेजर जिवंत निघाला तर पुढचं बोलू."

मंदार म्हणाला, "आई, काहीतरीच काय!" नलिनीने उप्पिट्टूचा ट्रे तसाच आत नेला. आणि दत्तण्णा? अजून हसतच होते!

*

मेजर अडकला, नलिनीचं लग्न अडकलं, माझा धंदा मात्र सुटला! मेजरच्या कोटात आत चोरखिसा होता, त्यात पिस्तूल. आता प्रत्येकाला तसा कोट हवा. गल्लीतल्या भाजीवाल्यालाही हवा. त्याला म्हटलं, "पिस्तूल आहे?" म्हणाला, "इल्ला अण्णा, कडीपत्ता ठेवेन!"

एका बँक मॅनेजरचा कोट मी फार मन लावून शिवला. आठवड्याने साहेब आले तणतणत. "टेलर, चोरखिसा कुठंय? घरातल्या सगळ्यांनी शोधला!"

"सार, सांगितला तर तो चोरखिसा कसला?"

लेलेसाहेबही एकदा एकटेच आले. इकडे तिकडे बघून हळूच म्हणाले, "मलाही. आतून. अस्तर लावून." मी म्हटलं, "साहेब, तुम्ही काय ठेवणार?" ते कानाशी येऊन म्हणाले, "खारे दाणे. डॉक्टर हो म्हणतात, ही नाही म्हणते."

त्या दिवशी कळलं, हा माणूस मुका नाही. दबा धरून बसलेला आहे!

*

मेजर जगावा म्हणून कमलाक्कांनी मृत्युंजय जप ठेवला. लेकीच्या लग्नासाठी लोक सोळा सोमवार करतात, यांनी मेजरसाठी भटजी बोलावले! सगळ्या भजनी बायका जमल्या. भटजींनी पळीत पाणी घेतलं आणि विचारलं, "यजमानांचं नाव?"

"मेजर."

"गोत्र?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. भटजी अनुभवी. म्हणाले, "सरी सरी, चालेल, गोत्र माहीत नाही त्याचं काश्यप. जन्मवेळ तरी सांगा."

कमलाक्का न अडखळता म्हणाल्या, "मंगळवार, रात्री नऊ!"

*

दत्तण्णांना रिक्षा मिळेना. एके दिवशी एक ड्रायव्हर स्वतःहून थांबला. "बन्नी सार, बन्नी, या!" इतका मान! दत्तण्णा खूश होऊन बसले. रिक्षा भरधाव सुटली, दत्तण्णांचं वळण मागे गेलं, आणि थांबली ती थेट पोलीस स्टेशनच्या दारात. ड्रायव्हर आत बघून ओरडला, "सार! मेजरला मारणारा आणलाय!"

इन्स्पेक्टर बाहेर आला. दत्तण्णांना वरपासून खालपर्यंत बघितलं. दत्तण्णा हसले. इन्स्पेक्टरने त्यांना आत नेलं, दार लोटलं, खुर्ची दिली, आणि आवाज एकदम खाली आणला.

"अण्णा, खरं सांगा. मेजर आहे ना? माझी बायको मंगळवारी जेवत नाही हो."

*

कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी आमच्याकडे कडलेकायी परिषे भरते. म्हणजे भुईमुगाच्या शेंगांची जत्रा. मोठ्या बसवण्णाच्या देवळापासून रस्ताभर शेंगांचे ढीग. दत्तण्णा दरवर्षी पहिल्या शेरभर शेंगा बसवण्णाला वाहतात. कमलाक्का म्हणाल्या, "या वर्षी नको. कोणी बघितलं तर लेलेबाईंच्या कानावर जाईल." पण देवाचं कसं चुकवायचं? तोंडाला मफलर गुंडाळून गेले. मी बरोबर. मला कोण घरी बसवणार!

ढिगाशी वाकले आणि मफलर सुटला. शेंगावाली बघतच राहिली. मला वाटलं आता मार बसणार. तर तिने दत्तण्णांचा हात धरून त्यांना स्वतःच्या पाटावर बसवलं आणि रस्त्याला ऐकू जाईल अशी हाळी दिली, "या या! मेजरने खाल्लेल्या शेंगा! याच त्या! याच त्या!"

लोक तुटून पडले. विष म्हटल्यावर चव बघायलाच हवी ना! माझं मूल मांडीवर घ्या म्हणून एक बाई हटून बसली. मी म्हटलं, "अण्णा, चला, देव वाट बघतोय."

दत्तण्णा ताठ बसून म्हणाले, "थांब रे शंकऱ्या. हे लोक इतक्या लांबून आलेत."

*

शेवटी कमलाक्कांनी मला एसटीडी बूथवर ढकललं. त्या असिस्टंटने मला कार्ड दिलं होतं. बूथ काचेचा, आत मी, कमलाक्का आणि दत्तण्णा, आणि बाहेर काचेला नाक लावून पंधरा-वीस माणसं.

"भाईसाब, मेजर जिंदा है क्या?"

"लेखक लिख रहा है," तो वैतागून म्हणाला. "आपको क्या चाहिए?"

म्हटलं, "जिंदा रखो! हमारे इधर लडकीकी शादी है!"

बाहेरून एकजण ओरडला, "मेजरचा जुळा भाऊ दाखवा म्हणावं!" दुसरा म्हणाला, "कोटाच्या बटणात औषध होतं म्हणावं!" हे माझंच गिऱ्हाईक. कमलाक्का डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "निदान हॉस्पिटलात तरी ठेवा म्हणावं. आयसीयूत असला तरी साखरपुडा करून घेऊ."

मी हे सगळं हिंदीत सांगायच्या खटपटीत, तर दत्तण्णा माझी बाही ओढायला लागले. मला वाटलं लेकीसाठी काही सांगायचं असेल. कान खाली नेला.

"विचार ना," ते म्हणाले, "दुसऱ्या भागात माझं काम आहे का?"

*

संक्रांत आली, दुसरा भाग आला नाही. मंदारने घरी सांगून टाकलं, "मेजर मेला तरी मी नलिनीशीच लग्न करणार!" लेलेबाईंनी दोन दिवस अबोला धरला. लेलेसाहेबांचे ते दोन दिवस फार चांगले गेले म्हणतात. मग बाईंनी जाहीर केलं, "संक्रांतीला त्यांच्याकडे जाऊ. मी त्या माणसाला शेवटचं एकदा नीट बघते. मग हो नाहीतर नाही, तिथेच सांगून येते."

आदल्या दिवशी लेलेसाहेब कोटाची ट्रायल घ्यायला माझ्याकडे आले होते. ट्रायलला किती वेळ लागतो? हात वर, हात खाली, झालं. आम्हाला तास लागला.

आता तुमच्याकडे संक्रांतीला तिळगूळ. आमच्याकडे बेंगळुरात एळ्ळु-बेल्ला. तीळ, गुळाचे खडे, खोबऱ्याचे तुकडे, आणि सोललेले शेंगदाणे! ते कोणी पुढे केलं तर नाही म्हणायचं नसतं. नाही म्हटलं म्हणजे वर्षभराचं बोलणं तुटलं. आणि दत्तण्णांच्या घरात दाणे भाजायचं काम दत्तण्णांचं. त्यांच्याइतका मंद विस्तव कोणाला जमत नाही.

सगळे बसले होते. नलिनी दाराशी, रडवेली. मंदार तिच्याजवळ. मी सुटाची पिशवी घेऊन कोपऱ्यात, निमंत्रण नसताना. दत्तण्णा ताट घेऊन आले, लेलेबाईंसमोर वाकले. "एळ्ळु-बेल्ला घ्या, गोड बोला."

बाईंनी ताटात बघितलं. दाण्यांकडे बघितलं. दत्तण्णांकडे बघितलं. घेतलं तर जीव जातो, न घेतलं तर मुलगा जातो!

मग लेलेबाईंनी ताट उजवीकडे सरकवलं.

"आधी ह्यांना द्या."

लेलेसाहेबांनी वाटीभर घेतलं. सावकाश चावलं. "छान भाजलेत," म्हणाले. आम्ही त्यांचा आवाज ऐकूनच दचकलो. मग उठले. नवा कोट नीट केला. चार पावलं चालले, दिवाणापाशी आले, छातीवर हात ठेवला, आणि कोटाला सुरकुती पडणार नाही अशा बेताने धाडकन आडवे झाले!

"अय्यो देवा!" कमलाक्का किंचाळल्या. मंदार धावला. दत्तण्णा ताट धरून जागच्या जागी उभे, आणि इतके घाबरलेले की पडदाभर होतं तेच हसू, अगदी तेच!

लेलेबाईंनी ते हसू बघितलं आणि दोन्ही हात जोडले.

"व्याही! लग्न ठरलं! पण उतारा द्या हो, उतारा!"

दिवाणावरून आवाज आला. डोळे मिटलेलेच होते.

"तारीख पण काढून घे."